केसावरचा गंज

"मानेजवळून घे. तिथून जड भरते."

आत्याबाईनं माहा शेपटा मुठीत धरला अन् केसवालीच्या हातात देल्ला. आत्याबाई म्हणजे माही सासू. मी अंगणात पाटावर बसली होती. राणू मांडीवर. अंगावर पीत होती. मानबी पुरती धरत नव्हती अजून. उठली असती तं तिच्या तोंडातून सुटलं असतं. उठली काऊन नाई, असं इचारलं कोणं तं माह्याजवळ एवढंच उत्तर हाय.

कैची बोथट होती. शेपटा जाड. कचकच आवाज थेट कानात होऊन राह्यला होता. समोरच्या ओट्यावर शेजारच्या बाया तूर निवडत बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "अवो बाप्पा, केवढा मोठा!" बाकीच्या हासल्या.

केसवाली आमच्या गावात दर काही महिन्यानं येते. डोक्यावर भांड्याची टोपली, हातात तागडी. "केसावर भांडेऽऽ" असं वरडत गल्लीतून फिरते. विंचरताना गळलेले केस बाया थैलीत जमा करून ठेवतात. ही आली का तोलून देतात अन् वाटी नाई तं गिलास घेतात. आमच्या भागात सारेच करतात हे. त्यात लाज कायची? पण गळलेले केस देतात. डोक्यावरचे नाई.

बाळंत झाल्यावर माहे केस लई गळले. हात लावला का मूठभर हातात. सैपाकघराच्या दाराआड खिळ्याले आत्याबाईनं थैली टांगली होती, तिच्यात रोजचा गुंता टाका लागे. मले वाटे, थैली भरून राह्यली अन् मी रिकामी होऊन राह्यली. कोणाले सांगू? तोलले तं वाटीपुरतेच भरले. आत्याबाईले पाह्यजे होता गंज. गंज म्हणजे आमच्याकडचं दूध तापवाचं उभं पातेलं. तवा त्याईची नजर माह्या पाठीवर गेली.

केसवाली म्हणाली, "तिले तं इचारा, बाई."

"तिले काय इचारा लागते? माह्या घरचं अन्न खाऊनच वाढला नं? अन् लेकुरवाळीले कायले पाह्यजे शेपटा? आता कोणाले दाखवाचं हाय?"

शेपटा तागडीत पडला. माही लाल रिबीन त्याच्यात तशीच होती. केसवालीनं ती सोडली अन् माह्याकडे टाकली. आत्याबाईनं नव्या गंजावर बोटानं टिचकी मारून पाह्यली. म्हणाल्या, "वाजते चांगला." राणू पिता पिता झोपली होती.

ह्याच शेपट्यावरून मले पसंत केलं होतं त्याईनं.

माहं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. माही माय घराच्या दारातच टोपली मांडून गजरे इकते. ती ओवे अन् नव्या पद्धतीचा गजरा माह्या शेपट्यावर लावून मले दुकानासमोर पाठमोरी उभी करे. गिऱ्हाईक म्हणे, असाच द्या. दर रविवारी माय शिकेकाई उकळे, माहं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळे. मी वरडे, "हळू वं माय!" ती म्हणे, "गप बस. हे माह्या दुकानाची पाटी हाय." असं म्हणून मायच हासे.

सासरचे लोक पाह्याले आले तवा आत्याबाईनं मले वळाले सांगतलं अन् शेपटा जोरात ओढला. "गंगावन तं नाई नं?" मुळाचा हाय म्हणल्यावर खूश झाल्या. तेही माळी, आमीही माळी. पण त्याईच्याजवळ मळा अन् आमच्याजवळ टोपली. लग्न झाल्यावर माहं नाव त्या घरात कोणं घेतलंच नाई. फूलवाली. "फूलवाले, चहा ठेव." फुलं इकतो आमी, तं काय झालं? तुमीबी सांबार, म्हणजे कोथिंबीर, इकताच नं बाजारात? पण हे मनात.

शेपटा कापल्यावर पोरीचा बाप संध्याकाळी वावरातून आला. मी डोक्यावरचा पदर काढून दाखवलं. त्यानं पाह्यलं. मंग म्हणाला, "जाऊ दे नं. केसच तं होय. वाढतीन." अन् जेवाले बसला.

दुसऱ्या दिवसापासून त्या गंजात दूध तापाले लागलं. त्यातलाच चहा. सारे पेत. मीबी पेली. न पिऊन जाऊ कुठं?

सव्वा महिन्याची राणू घेऊन सासरी आली होती मी, आता मधातच माहेरी गेली. मायनं दारातच पदर मागं केला. कापल्या जागेवर हात फिरवला. मले वाटलं, आता माय उठीन, चप्पल घालीन, पहिल्या एसटीनं जाईन अन् त्याईच्या अंगणात उभी राहून बोलीन. मायनं पदर परत माह्या डोक्यावर ओढला. गिऱ्हाईक आलं होतं. "त्याईच्या घरी देल्ली तुले. आता मी काय बोलू, बाई?" एवढंच. त्या दिवशी मले पोरकं झाल्यावानी वाटलं. माय जिती असून.

पण दुपारी तिनं शिकेकाई उकळली. मले मोरीत बसवलं. सासरी राणूच्या अंगाले रोज कोणं ना कोणं हात लावे, तेल, शेक, धुरी. माह्या अंगाले राणू सोडून कोणाचाच हात नाई. मायची बोटं डोक्यात फिरली अन् मी रडली. जोरात रडली. मायनं रडू देल्लं. वाळवल्यावर आरसा देल्ला हातात. कपाळाच्या काठानं बारीक बारीक नवे केस उगवले होते, पेरणीनंतर कोंब दिसते तसे. मी लई दिवसानं माहं तोंड पाह्यलं. अवो माय, ही तं मीच हाय!

येताना मायनं शिकेकाई-रिठ्याची पुडी अन् लाकडाची फणी बांधून देल्ली.

पुडीचं काय करू? आमचं गाव अकोट तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारं. साबण फेसच देत नाई. खाऱ्या पाण्यानं डोकं धुतलं का केस सुतळीवानी, फणी अडकून मोडते. गोडं पाणी नळाले येते, तेही रोज नाई. त्याचं टाकं भरून ठेवा लागते. पेवाले, सैपाकाले, देवाले. अन् मोटरसायकलले. हो, मोटरसायकल गोड्या पाण्यानं धुतात आमच्या घरी. खाऱ्यानं गंज चढते म्हणे. लोखंडाले गंज चढते हे साऱ्याईले दिसते. माह्या डोक्याचं काय?

मी एकदा इचारलं, "आत्याबाई, डोक्यावरून शेवटचा एक गिलास गोडं पाणी घेऊ का?"

"बापाच्या घरून आणलं का?" त्या म्हणाल्या.

मंग मी माह्या पेवाच्या पाण्यातलं वाचवाले लागली. तहान लागली का बोअरचंच पेऊन घेओ. पोटात कालवे, तरी पेओ. वाचवलेलं बाटलीत भरून चुलीमागं लपवून ठेओ. दुपारी राणू झोपली, सारे वावरात गेले, का मागच्या दारी जाऊन डोकं धुओ अन् शेवटी ती बाटली हळूहळू टाळूवर सोडो. बाटली कितीशी? पण केस सुटे होत. आरसा आत्याबाईच्या खोलीत, म्हणून मोटरसायकलच्या आरशात पाहून विंचरो. त्या इवल्याशा आरशात एकदा कपाळ दिसे, एकदा कान. तेवढ्यातच मले मी भेटो. राणूची माय नाई, फूलवाली नाई. मी. मंग राणू रडे अन् मी पळो.

चोरून. आपलंच डोकं, आपल्याच वाट्याचं पाणी, अन् चोरून!

दिवाळीले नणंद आली, अमरावतीची. तिच्या नवऱ्याची तिथं नोकरी हाय. तिच्यासाठी आत्याबाईनं टाक्यातून बादलीच काढाले सांगतली. मी तापवली. मीच लोट्यानं तिच्या डोक्यावर सोडली. बादलीभर गोडं पाणी मोरीतून वाहून जाताना मी पाहत राह्यली. नणंद वाईट नाई. टॉवेल गुंडाळता गुंडाळता प्रेमानंच म्हणाली, "वहिनी, तुमचे केस किती रफ झाले हो. स्वतःची थोडी काळजी घेत जा. बाळ झालं म्हणून काय झालं?"

मी लोटा हातात धरून उभी. हासली मी. अंगाचा तिळपापड झाला होता, पण हासली.

असे दिवस गेले. राणू तीन वर्षाची झाली. तिचे केस माह्यावर गेले, काळेभोर, खांद्याच्या खाली. माहेबी पाठीच्या मधापर्यंत आले. पयल्यावानी जाड नाई. पण आले.

अन् ह्या उन्हाळ्यात गल्लीत आवाज आला. "केसावर भांडेऽऽ"

तीच केसवाली. आत्याबाईनं तिले अंगणात बसवलं. थैली तोलली. मंग म्हणाल्या, "परात दाखव बरं. ह्या दोघीईचे मिळून येते का पाह्य. उन्हाळा हाय, पोरीलेबी गरम होते. बस वं खाली."

ते "बस वं खाली" मले होतं. बसली राणू.

तिनं सोताच पाट ओढला. त्याच्यावर बसली. मान खाली घातली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. रडली नाई, इचारलं नाई. तिले कोणं शिकवलं नव्हतं असं बसाले. घरात पाह्यलं होतं, तसं ती बसली. तिची ती वाकलेली इवलीशी मान अन् वरून येणारी कैची मी पाह्यली.

"नाई," मी म्हणली.

"काय म्हणली?"

"नाई देत. तिचे केस तिचे हायत. माहे माहे हायत."

"माह्या घरचं अन्न खाऊन..."

"ते अन्न रोज मीच शिजवते, आत्याबाई."

केसवालीनं कैची हळूच टोपलीत ठेवली. मी आत गेली. गंज धुऊन पालथा घातला होता, तो उचलला. टाक्याचं झाकण सरकवलं. गंज बुडवला.

"अवो, गोडं पाणी हाय ते!"

"माईत हाय मले."

भर अंगणात, साऱ्याईच्या समोर, पाटावर बसलेल्या राणूच्या डोक्यावर मी गंज ओतला. ती दचकली, मंग खिदळाले लागली. "अजून!" म्हणे. दुसरा गंज माह्या डोक्यावर. शिकेकाई नाई, काही नाई, नुसतं पाणी. डोळ्यावरून, मानेवरून, पाठीवरून. माह्याच शेपट्यावर आलेला गंज होता तो. त्याच्यातलं पाणी पयल्यांदा माह्या डोक्यावर पडलं.

केसवाली टोपली उचलून गेली. आत्याबाईनं टाक्याचं झाकण लावलं. "येऊ दे त्याले घरी," म्हणाल्या.

तो आला. ऐकून घेतलं. माह्याकडे पाह्यलंबी नाई. टाक्याले कुलूप लावलं, चाबी आईच्या हातात देल्ली. तवापासून घरात माह्याशी कोणं बोलत नाई. मायले फोन केला तं माय म्हणाली, "काऊन अशी वागली वं? नांदा लागते आपल्याले." माह्या बाजूनं कोणं नाई. पाणीबी नाई. पेवाले आता मोजून गिलास भेटते, बाटलीत वाचवाले काही उरत नाई.

लावा कुलूप. पण नळ आला का टाकं भरते कोण? मीच भरते. रबरी नळी माह्या हातात असते. आता येईन नळ तं पयला गंज राणूच्या डोक्यावर, दुसरा माह्या. मंग टाकं. दार उघडं ठेवून, अंगणात. चोरून एक थेंब नाई. घरातून काढा म्हणतीन तं राणूले घेऊन मायच्या दारात बसीन, माय घेवो का न घेवो, गजरे ओवाले येतात मले.

अन् कैची घेऊन परत कोणं म्हणलं, "बस वं खाली," तं मी बसणार नाई. राणूलेबी उभं राह्याले शिकवून राह्यली मी.