दिवसाचा दिवा

वडनेर भोलजीच्या कोकिळाबाईला अंधाराची भीती कधी वाटली नाही. भीती होती दिव्याची, आणि तीही दिवसा लावलेल्या दिव्याची. हसू येत असेल तर हसा बापडे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

रोहिणखेडला माहेरी ती लहान असताना तिचा बाप गेला. माणूस गेला की घरात पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, दक्षिणेकडं तोंड करून. दहाव्यापर्यंत तो रात्रंदिवस तेवत ठेवायचा, गेलेल्याला वाट दिसावी म्हणून. मोठी माणसं येणाऱ्या-जाणाऱ्यांत गुंतलेली, तेव्हा तेल घालायचं काम या पोरीवर आलं. पोरच ते. एका दुपारी बसल्या जागी तिचा डोळा लागला आणि दिवा विझला. चुलतीनं पाठीत धपाटा घातला, त्याचं काही नाही. पण ती जे बोलली ते कोकिळा जन्मात विसरली नाही. "झोप, भवाने! तुहा बाप तठी अंधारात चाचपडून राह्यला असन." लेकराला असं बोलावं? पण जिभेला हाड असतं तर आणखी काय हवं होतं!

तेव्हापासून उन्हात कुठं दिवा दिसला की कोकिळा तोंड फिरवून निघून जायची. सांजवात ती हौसेनं लावायची, पण उजाडल्यावर घरात दिवा नको. दिवसाचा दिवा मेलेल्या माणसाचा, हे तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं.

नवरा मात्र देवमाणूस मिळाला. कडूबा नांदुऱ्याच्या एका दालमिलमध्ये कामाला होता. सकाळी उन्हं वर यायच्या सुमारास सायकलवर निघायचा, दिवस मावळायच्या आत घरी. शेताचा तुकडा कोकिळाच पाहायची. कडूबाचा स्वभाव असा की कोणी काही सांगितलं की "हाव" म्हणायचं आणि मग आपल्या मनासारखं करायचं. भांडण म्हणून कोणाशी नाही. बायकोनं कितीही आदळआपट केली तरी हा आपला "हाव, हाव" करत भाकरी मोडत बसायचा.

रस्ता चौपदरी झाला आणि गाड्या सुसाट झाल्या. त्यात या वाटेची एक खोड होती. सकाळी नांदुऱ्याकडं जाताना सूर्य समोरून डोळ्यांत, आणि संध्याकाळी घरी परतताना पुन्हा समोरूनच. सायकलवाला मान खाली घालून जाईल हो, पण मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यांतही तोच सूर्य असतो ना!

हे हर्षलच्या ध्यानात आलं. हर्षल म्हणजे यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याकडं कंपनीत कामाला. दिवाळीला आला तेव्हा बापासाठी सीटखाली बसवायचा लाल लाईट घेऊन आला. मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारा, लुकलुक करणारा, लांबून डोळ्यात भरणारा.

"बाबा, हा दिवसा लावाचा," तो म्हणाला.

"दिवसा?" कडूबा हसला.

"हाव. रात्री गाडीवाला सावध राह्यते. दिवसा त्याले वाट्टे, आपल्याले सारं दिसून राह्यलं. तठीच घात होते."

जब्बारच्या सायकलच्या दुकानात तो लाईट बसवला. जब्बार कडूबाचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं रबरी पट्टी आवळून आवळून बसवली आणि लाईट लावून स्वतः लांब जाऊन पाहून आला. पण दुकानापुढच्या बाकड्यावरची मंडळी काय गप्प बसणार? "काऊन बे कडूबा, दिवसा बत्ती लावून कोणाले ढुंढून राह्यला?" "बायको हरपली काय रे याची?" गावाची तोंडं कशानं बांधायची! कडूबा हसला, म्हणाला, "हाव, हरपली," आणि पायडल मारलं.

हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं. पण एका सुट्टीच्या दिवशी कडूबा शेतातून आला, सायकल अंगणात भिंतीला लावली आणि लाईट बंद करायचा विसरून आत जेवायला बसला. तेवढ्यात विमलबाई आली. ही कोकिळाची चुलतसासू, गावातल्या साऱ्या बारशा-बाराव्यांची जाणती. सायकलीचं शेपूट नेमकं दक्षिणेकडं होतं आणि भर दुपारी तो लाल लाईट लुकलुकत होता.

"अवो माय!" विमलबाई उंबऱ्यातच थबकली. "कोकिळे, घरात मानूस धडधाकट जेवून राह्यलं अन् त्याच्या नावाचा दिवा काऊन लावला वो? अन् तोही दक्षिनेकं तोंड करून?"

कोकिळाची भाकरी तव्यावरच करपली. त्या दिवशी ती कडूबाच्या मागेच लागली. "आवो, काढा तो दिवा. तुमच्या पाया पडतो." कडूबा म्हणाला, "हाव."

आणि "हाव" म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरासमोरून निघताना लाईट बंद. हायवे लागला की चालू. पोरानं एवढ्या मायेनं आणलेला, तो वापरायचा नाही तर काय खुंटीला टांगायचा? घरी येताना पुन्हा बंद. बायकोचंही मन राहिलं, पोराचंही. असंच चाललं असतं. पण जब्बारनं बाजारात कोकिळाला गाठलं आणि कौतुकानं बोलून गेला, "भाबी, कडूबाभाऊ आता हायवेवर कितीबी दुरून दिसते! भर उन्हात लाल-लाल चमकते!"

भल्या माणसाचं भलं बोलणं, पण कोकिळा बाजार अर्धा टाकून घरी आली. म्हणजे हा माणूस रोज आपल्या पाठीला मयताचा दिवा बांधून फिरतो! मन चिंती ते वैरी न चिंती. रात्रभर तिला बापाचा दिवा दिसत राहिला. सकाळी कडूबा आंघोळीला बसला तशी ती उठली, सीटखालच्या पट्टीतून लाईट ओढून काढला आणि पिठाच्या डब्यात, पार तळाशी खुपसला.

कडूबानं निघताना सीटखाली हात घातला. "हर्षलची माय, लाईट पाह्यला का?"

"मले काय मालूम? पडला असन कुठी."

"पोराले वाईट वाटन ना वो." तो वाकून अंगणात शोधू लागला. सायकल ठेवायच्या जागी पाहिलं, तुळशीमागं पाहिलं. कोकिळा चुलीपुढं पाठ करून बसली होती. त्याला एकदा तरी वळून पाहायला हवं होतं, असं तिला नंतर जन्मभर वाटायचं होतं. शेवटी कामाला उशीर होतो म्हणून त्यानं डबा हँडलला अडकवला आणि गेला. तिनं मात्र हुश्श केलं. पोळपाट पुसता पुसता चक्क गुणगुणली.

संध्याकाळी सूर्य रस्त्याच्या टोकाला टेकला होता तेव्हा कडूबाच्या मागून पिकअप गाडी आली. ड्रायव्हर कोवळाच होता. पळून गेला नाही, रस्त्यातच डोकं धरून बसला आणि येईल त्याला सांगू लागला, "दिसलाच नाही हो! उन्हात दिसलाच नाही!" खोटं नव्हतं बोलत. कडूबा जागीच संपला होता.

हर्षल रातोरात निघाला आणि दुसऱ्या दिवशी पोचला. त्यानं बापाला अग्नी दिला. घरी परतल्यावर जब्बारनं वाकडीतिकडी झालेली सायकल अंगणात आणून ठेवली आणि सीटखालच्या रबरी पट्टीवर बोट ठेवलं. "पट्टी जशीच्या तशी हाये. लाईट कुठी गेला? म्या रस्त्याच्या दोनी बाजू पाह्यल्या. गवतात पाह्यलं. सापडला नाही, बेटा."

हर्षल ओठ चावत उभा होता. "काढला असन त्यायनंच. लोकं हासत होते ना. लोकायच्या हासन्यापायी जीव गेला माह्या बापाचा."

आत कोकिळानं हे ऐकलं.  तेवढ्यात विमलबाई दिव्याखाली पसरायला पीठ घ्यायला उठली. कोकिळा म्हणाली, "थांबा, आत्याबाई, मी देतो," पण म्हातारीनं डब्यात हात घातला होता. डब्यात पीठ थोडंच उरलं होतं. मुठीसोबत तो लाईट वर आला, पिठानं माखलेला. विमलबाईला कळेना हे काय. हर्षलला कळलं.

त्यानं तो हातात घेतला, सदऱ्याला पुसला आणि बटण दाबलं. लाईट लागला. चांगला चार्ज झालेला होता, लाल-लाल लुकलुकू लागला.

"म्या काढला," कोकिळा म्हणाली. "त्यायनं नाही काढला. म्या काढला रे बापा."

 हर्षल ओरडला असता, तोडून बोलला असता, तर तिनं पदर पसरून ते घेतलं असतं. त्यानं लाईट बंद केला, आईसमोर जमिनीवर ठेवला आणि बाहेर जाऊन सायकलीपाशी बसला. पुढचे दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. पाणी दे, पाहुणे आले, भटजी कधी येतील. एकदा ती त्याच्या पायाशीच जाऊन बसली. "मले बोल रे काहीतरी. शिव्या दे."  "काय बोलू, माय?" एवढंच तो म्हणाला. त्याचाही इलाज नव्हता. बाप आईच्या मनातल्या भीतीनं मारला, आणि आई तर वाईट नाही, मग राग न्यायचा कुठं?

कोकिळा दिव्यापुढून हलली नाही. बापाच्या वेळी डोळा लागला होता, आता झोप तिच्याजवळ फिरकत नव्हती. वात पुढं सारायची, तेल घालायचं, पुन्हा बसायचं. जन्मभर जिला दिवसाचा दिवा डोळ्यांपुढं नको होता, तिच्यावरच तो राखायची पाळी आली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी विमलबाई आली. बोलायची सवय तिची, आणि काहीतरी धीराचं बोलायला हवं म्हणून म्हणाली, "जप वो कोकिळे. आजची रात काढ. दिवा विझू देऊ नोको. कडूबाले वाट दिसली पायजे."

कोकिळानं मान वर केली. रडून रडून आवाज बसला होता.

"वाट त्यायले दिसतच होती, आत्याबाई. ते दिसाले पायजे होते."

विमलबाईनं पदर तोंडाला लावला. कोकिळानं बुधलीतून तेल घातलं. दार सताड उघडं होतं, बाहेरचं ऊन थेट पिठापर्यंत आलं होतं, आणि दिवा तेवतो आहे की विझला ते पाहायला तिला दर वेळी त्याच्यावर हात धरावा लागत होता.