उठेपर्यंत

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिथल्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. आमच्या घरातला पहिलाच पदवीधर. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आमच्या विदर्भातल्याच. ऑपरेशनआधी मजुराची नखं त्या स्वतः साबणानं घासत. श्वास कमी पडला की नख निळं पडतं, पण ग्रीसखाली ते दिसणार कसं?

सर्जन हसत. "बाई, नवरदेव सजवून राहिल्या का?"

"हो. वरात थांबवा थोडी."

एकदा एका मजुराचं पोट उघडलेलं असताना बाई म्हणाल्या, "हात थांबवा. नखं निळी पडून राहिली."

"दोनच टाके राहिले."

"मी भुलीचं ईथर बंद केलं. आधी त्याले श्वास घेऊ द्या."

सर्जन थांबले. बाई रबरी पिशवी दाबून ऑक्सिजन देत राहिल्या. नखं गुलाबी झाली, तेव्हाच त्यांनी मान डोलावली.

टाके संपल्यावर सर्जन कडाडले, "इथं हुकूम कोणाचा चालतो?"

"तुमचाच, साहेब." मजुराच्या नाडीवरचं बोट त्यांनी काढलं नाही. "पण त्याले झोपवलं मी. तो उठेपर्यंत त्याच्यासाठी तुमच्याशी भांडायले दुसरं कोण आहे?"