कुसुमच्या लग्नातली सनई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक होतं, पण तिनं शेवटपर्यंत विषय काढला नाही. आता तुम्हाला सांगतोय – का, ते विचारू नका.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू. नगरात तेव्हा आमची चार-दोनच घरं उरली होती, बाकीचे इस्राएलला गेलेले किंवा जायच्या तयारीत. वल्हांडणाच्या सणापासून पुढचे काही आठवडे आमच्यात ओमेर पाळतात. फार पूर्वी एका थोर गुरूचे शिष्य साथीत पटापट मेले, त्यांचा तो शोक. लग्न नाही, केस कापणं नाही, गाणं-बजावणं नाही. माझे वडील कडक पाळायचे. आणि मी? मी पडलो पेटी वाजवणारा, आणि लग्नसराई नेमकी त्याच दिवसांत येते. वडील गेले आणि मी ओमेर गुंडाळून ठेवला. कुणी बोलावलं की पेटी उचलायची आणि निघायचं.

बाबूराव आमचे शेजारी. तबला त्यांचा, पेटी माझी – अशी कितीतरी वर्षं. त्यांची कुसुम माझ्याकडेच पेटी शिकली. एकाहत्तर साली, दुष्काळाच्या आधी, तिचं लग्न ठरलं. तिनं माझ्याकडे एकच मागितलं, की लग्नात काकांनी वाजवायचं. मी कबूल केलं. अगदी मनापासून.

मग कळलं की वरपक्षाकडून पुण्याचा एक नावाजलेला पेटीवाला येणार आहे. बाबूराव भाबडेपणानं म्हणाले, "काय हात चालतो त्याचा, मास्तर! ऐकतच ऱ्हावं." एवढंच. मला झोंबलं. नाही, झोंबलं हे सोयीचं झालं – मी घाबरलो. गावात माझं कौतुक होतं, पण त्याच्या शेजारी बसलो असतो तर?

लग्नाच्या आदल्या दिवशी, घरात हळद चालली असताना, मी बाबूरावांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की मला वाजवता यायचं नाही, आमच्याकडे सुतक चालू आहे. ओमेर म्हटलं तर त्यांना काय कळणार? म्हणून सुतक म्हणालो. चेहरा पाडून म्हणालो. आणि थोड्याच दिवसांपूर्वी – त्याच ओमेरमध्ये – मी श्रीरामपुरात एका लग्नात मनसोक्त वाजवून आलो होतो.

वाटलं, सुटलो. पण बाबूराव सरळ माणूस. भिंतीला भिंत लागून सुतक असताना आपल्या दारात वाजंत्री कशी वाजवायची? सकाळी सनई-चौघडेवाले आले, त्यांना त्यांनी हात जोडून परत पाठवलं. पुण्याच्या माणसालाही पेटी उघडू दिली नाही. व्याही भडकले, बायका कुजबुजायला लागल्या.

"शेजारी सुतक हाय. माझ्या दारात आज वाजायचं न्हाई," एवढंच ते म्हणत राहिले.

मी माझ्या दारात उभा राहून सगळं पाहत होतो. मांडव कितीसा लांब होता? जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. गेलो नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हार घातले गेले, आणि 'वाजवा रे वाजवा' कुणीच म्हणालं नाही. कुसुम मान खाली घालून उभी होती.

सासरी तिला ते फार ऐकावं लागलं. पहिलं मूल दगावलं तेव्हा सासूनं पुन्हा तेच काढलं – सनईशिवाय घरात आलेली सून, अजून काय होणार.

त्यानंतर ती माहेरी आली होती. वाळून गेली होती. माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मी त्यांना तोंडावर सांगितलं, आमच्या काकांकडं सुतक हुतं, बाबांनी केलं ते बरोबरच केलं." आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "होतं, बाळ. सुतक होतं."