भिवा आला होता

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवासमोर बसलो तेव्हाही नाही. तिथं मी दुसरंच काहीबाही पुटपुटून उठत आलो. मग तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. की वय झालं, म्हणून?

लोक मला भला माणूस समजतात. परळला गेलो की अजून एखादी म्हातारी हाताला धरून बसवून घेते, सुनेला सांगते, प्लेगात माझ्या आईची खबर आणायचे ते हेच. मी नाही म्हणत नाही. खबर आणत होतो, हे खरंच आहे. पण ते काम मी हाती का घेतलं, ते त्या म्हातारीला ठाऊक नाही.

तेव्हा मी गिरगावात एका वाडीत राहत होतो आणि जवळच्या छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. दिवसभर डोळ्यांखालून बातम्या जायच्या. चीन-जपानची लढाई, कुठं भूकंप, कुठं बोट बुडाली, सोलापूरकडे दुष्काळ. बरोबरचे लोक चुका काढून कागद पुढं सरकवायचे. मला ते जमत नसे. घरी येऊन ताटावर बसलो की घास उतरत नसे. संध्याकाळी गॅलरीत शेजाऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवताना मी मध्येच थांबायचो. माझी बायको सरस्वती म्हणायची, "आधी जेवून घ्या. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून सोलापूरला भाकरी पोचत नाही." मला तिचा राग यायचा. हिला काळीजच नाही, असं वाटायचं. आणि खरं सांगू? त्या दुःखाचा मला थोडा अभिमानही होता. वाडीतले लोक म्हणत, फार हळवा माणूस. ते ऐकायला बरं वाटायचं.

मग मांडवीकडून गाठीचा ताप सुरू झाला. बघता बघता शहर रिकामं व्हायला लागलं. ज्यांना गाव होतं ते बोटींनी कोकणात गेले. सरस्वतीला मी मुलांसकट अलिबागला माहेरी पाठवलं. मी मागं राहिलो, आणि परळला माझी धाकटी बहीण राहिली, गंगू. तिचा नवरा गिरणीत मुकादम होता. मूलबाळ नव्हतं. आमची आई लवकर गेली, तेव्हा गंगूला मीच वाढवली. ती मला दादा म्हणायची आणि दादा म्हणेल ते तिला खरं वाटायचं.

तिच्या शेजारच्या खोलीत आमच्याच गावचा भिवा राहायचा. गिरणीत कामाला. पगार झाला की ताडीच्या दुकानात बसायचा, हे साऱ्या चाळीला माहीत. एरवी मात्र हाकेला धावणारा.

एका संध्याकाळी दुष्काळग्रस्तांसाठी गिरगावात सभा होती. मला पहिल्यांदाच बोलायला सांगितलं होतं. मी पगडी घालून निघायच्या बेतात होतो, तर जिन्यात भिवा उभा. परळहून चालत आला होता. घरात येईना. साथीच्या चाळीतला माणूस, त्यानंच अंतर ठेवलं. तिथूनच म्हणाला, "दादानू, गंगूबायनं बोलवल्यान. मुकादमांका ताप भरलो हा. काखेत गाठ इली हा."

मी म्हटलं, "तू हो पुढं. मी आलोच मागोमाग."

तो दोन पायऱ्या उतरला आणि परत वळला. "येतास ना? ती एकटी हा."

"आलोच."

आणि मी सभेला गेलो.

काय सांगत होतो मी स्वतःला? की तिकडं हजारो माणसं अन्नावाचून मरताहेत, इकडं एकाचा ताप. की शब्द दिलेला आहे. की सभा आटोपली की निघू. मी बोललो, आणि चांगला बोललो. जो उपाशी तो माझा भाऊ, असं काहीतरी म्हणालो. लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले. पण 'गाठ' हा शब्द कानावर पडल्यापासून मला परळला जायची भीती वाटत होती. दुष्काळाच्या कळकळीनं मी तिथं उभा नव्हतो. सभा नसती तर दुसरं काहीतरी शोधलं असतं. सभा संपली आणि मी घरी येऊन झोपलो. सकाळी छापखान्यात गेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेलो.

शेवटी परळला पोचलो तेव्हा चाळ रिकामी होती. भिंतींवर ओला चुना, अंगणात जळक्या वाकळांचा ढीग. लोकांना दादरच्या बाजूला झोपड्यांच्या छावणीत नेलं होतं. गंगू मला तिथं सापडली. एका झोपडीबाहेर मांडीवर हात टाकून बसली होती. नवऱ्याला गाडीत घालून नेलं, तेव्हा ती अनवाणी गाडीमागं धावली होती. गाडी कुठं गेली, तो आहे की गेला, तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं. गेला, हे तिला मी पोचायच्या आदल्या दिवशी कळलं होतं.

तिनं मला बघून रडायला सुरुवात केली नाही. एवढंच विचारलं, "दादा, भिवाला पाठवलं होतं. आला नाही का तो?"

मी म्हटलं, "नाही."

भिवा आला होता. त्यानं सगळं सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं होतं.

तो त्या रात्री चाळीत गंगूपर्यंत पोचला असता, तर माझं खोटं तिथल्या तिथं उघडं पडलं असतं. पण तो परत पोचेपर्यंत पोलिसांनी गल्ली अडवली होती. त्याला आत सोडलं नाही, आणि तो तसाच बोटीवर चढून गावी गेला. चाळीनं ठरवून टाकलं की भिवा वाटेत ताडीच्या दुकानात बसला. मी ते कानांनी ऐकलं आणि गप्प राहिलो.

छावणीत मी गंगूजवळ राहिलो. बाकी काय करणार होतो? पण तिच्यासमोर बसवत नव्हतं. शेजारच्या झोपडीत एक बाई दिवसभर रडायची. तिच्या आईला इस्पितळात नेलं होतं. तिथं माणसं मारतात, अशी आवई होती, म्हणून कोणी तिकडं फिरकत नव्हतं. मी उठलो. दयेनं उठलो नाही. गंगूच्या नजरेसमोरून उठलो. नाकाला कापराचा रुमाल बांधून इस्पितळाच्या फाटकाशी गेलो, नाव सांगितलं, आतल्या नर्सबाईला हात जोडले. तिनं चौकशी करून सांगितलं. परत येऊन मी त्या रडणाऱ्या बाईला म्हणालो, "सकाळी पेज प्याली. तुझं नाव घेत होती."

 ती उठली आणि तिनं चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी चारजण माझी वाट बघत होते. तेव्हापासून रोज सकाळी छापखान्याआधी मी इस्पितळात जाऊ लागलो. नावं पाठ करून न्यायची, खबरा पाठ करून आणायच्या. वाईट खबर असली की आधी खाली बसायचं आणि मग सांगायची, हे हळूहळू समजलं. पुढं साथ दर थंडीत परत यायची आणि मी परत फाटकाशी उभा राहायचो. वर्तमानपत्र वाचणं सुटलं नाही. जगातली दुःखंही कमी झाली नाहीत. पण ती वाचून मी घडी घालायचो आणि चपला घालून निघायचो. सरस्वती अलिबागहून आली तेव्हा म्हणाली, "आताशा जेवता नीट." झोपही लागायची. मी सुखात जगलो. आजही सुखात आहे. हेसुद्धा सांगायलाच हवं ना?

गंगू आमच्याकडं राहायला आली होती. भिवा गावाहून परतल्यावर एकदा गिरगावात आला. दारात उभा राहून म्हणाला, "बाय, मी इल्लंय तेव्हा. दादांका विचार." गंगूनं मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "माझा दादा खोटं बोलत नाही." मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. तो गेला.

तुम्हाला वाटेल, इतकंच. नाही. याहून वाईट पुढं आहे.

पुढं एका हिवाळ्यात भिवानं गावाहून आणलेली बायको साथीत इस्पितळात गेली. तिची खबर मीच रोज त्याच्या दारात नेऊन पोचवायचो. तो ऐकायचा, मान हलवायचा. ती वाचली. घरी आली तेव्हा गंगूनं दोघांना जेवायला बोलावलं. बांगड्याची आमटी केली, भात वाढला. आणि वाढता वाढता म्हणाली, "भिवा, झालं ते झालं. तू तेव्हा घाबरलास. माणूस घाबरतो. मी मनातून काढून टाकलंय."

भिवाचा हात भातात थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तांब्या घेऊन पाणी ओतत होतो. एक शब्द पुरला असता. त्याची बायको माझ्याकडं हात जोडल्यासारखी बघत होती, कारण तिची खबर मी आणली होती. भिवानं तिच्याकडं बघितलं, मग मान खाली घातली.

"होय बाय," म्हणाला, आणि जेवू लागला.

माझ्या गुन्ह्याची क्षमा त्याला मिळाली, आणि त्यानं ती घेतली. माझ्या चांगल्या कामानंच त्याचं तोंड बंद केलं. मी त्याला आणखी पाणी हवं का विचारलं.

गेल्या साली भिवा गावी वारला. खबर आली तेव्हा गंगूनं हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, बरं झालं मी त्याला तेव्हा जेवायला बोलावलं.

तो असताना हे सांगायला हवं होतं. ते आता होणार नाही.

गंगू बाहेर गॅलरीत तांदूळ निवडत बसली आहे. तिला वाचता येत नाही. शाई वाळली की मी हे कागद घेऊन तिच्यासमोर बसणार आहे आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार आहे. मग ती काय म्हणेल, ते ती म्हणेल.