कार्डातला आवाज

संपात गिरणी गेली तेव्हा रघू विशीतला होता. पुढे त्याने पंखे दुरुस्त केले, केबलच्या तारा ओढल्या आणि शेवटी लालबागला चाळीच्या जिन्याखाली मोबाइलचं दुकान मांडलं. काँप्युटर तो दुसऱ्यांचं बघूनबघून शिकला. पण एकदा जुळवून दिलं की यंत्राने आपलं आपण चालावं, ही गिरणीच्या साचेखात्यात मागांवर जडलेली हौस त्याची सुटली नव्हती.

गणपती जवळ आले की तो मोबाइलची मेमरी कार्डं आरत्या भरून विकायचा. त्यासाठी त्याने काँप्युटरला असं लावून दिलं होतं, की कार्ड खोचलं की आतलं सगळं पुसायचं, आरत्या भरायच्या आणि घंटी वाजवायची.

"माउसला हातसुद्धा लावू नकोस," तो बायकोला म्हणाला. "खोचायचं, घंटी वाजली की काढायचं. तू आपली भाजी निवडत बस."

"म्हणजे आता तुमचीही गरज नाही म्हणा की!" गुणवंती म्हणाली, आणि दोघंही हसली.

एका दुपारी शेवंता कोळीण दारात आली. तिचा नवरा धोंडू शिमग्यानंतर दर्यात गेला तो परतला नव्हता. कधीतरी चेष्टेत त्याने तिच्या मोबाइलात तिच्यासारखीच हाळी देऊन ती भरून ठेवली होती, "पापलेट घ्या, ताजं पापलेट!" तेवढाच त्याचा आवाज उरला होता.

"वयनी, रघूभावाला सांग, ह्यो आवाज नव्या मोबाइलात घाल. जुन्याचा भरवसा नाय."

रघू वर जेवायला गेला होता. तो येईपर्यंत लावून ठेवावं म्हणून गुणवंतीने शेवंताच्या जुन्या मोबाइलातलं कार्ड काढून काँप्युटरला खोचलं. थोड्या वेळाने घंटी वाजली.

"झालं?" शेवंता खुशीत म्हणाली.

रघू खाली आला. पडद्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"ठेवून जा बाय. शोधतो."

ती गेल्यावर तो गुणवंतीला म्हणाला, "नुसतं पुसलं असतं तर काहीतरी हाती लागलं असतं. वर आरत्या बसल्यात. आता काही नाही."

"मग शोधतो कशाला म्हणालात?"

"तिच्या तोंडाकडे बघून दुसरं काय बोलणार होतो?"

ती घंटी त्याने बंद केली. कार्डं हाताने भरू लागला. शेवंता येता-जाता विचारायची, "गावला काय आवाज?" तो मान खाली घालून म्हणायचा, "बघतोय." एकदा तिने ताजे बोंबील गुणवंतीच्या ताटात टाकले आणि पैसे घेईना. "रघूभाव माझ्यासाठी राबतोय, ऱ्हाऊ दे."

गुणवंतीला ते ताट आत नेववेना.

"शेवंते, तो आवाज गेला गं. त्याच दिवशी. माझ्याच हाताने."

शेवंताने मासळीच्या टोपलीवर फडकं ओढलं.

"तवाच सांगायचं व्हतं. मी तो कानात घोळवत ऱ्हायले असते. तुम्ही देनार म्हून निर्धास्त झाले, आन् आता नीट आठवत बी नाय."

डोक्यावर चढवायला मदत करावी म्हणून गुणवंती टोपलीला हात लावायला वाकली.

"नको," शेवंता म्हणाली, आणि हात लावायला रस्त्याने कोणी जातंय का ते बघत टोपलीपाशी उभी राहिली.