उजव्या हातातले सहा स्क्रू

माझा हातोडीवर हात चांगला बसलाय, हे आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात कुणीही सांगेल. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी खोलायच्या, तांब्याची जळकी तार उपसायची, नवी भरायची, हा माझा धंदा. त्याच हातोडीनं मी माझ्या सख्ख्या बहिणीचं मनगट मोडलं. लोकांना सांगताना मी म्हणतो, हात मधे आला. खोटं आहे. हात मला दिसला होता.

दोन हजार साल येऊन गेलं तरी जग काही बुडालं नाही, याचा तेव्हा मला फार राग होता. बाप वारल्यापासून घरात कर्ता मीच. गावात आमची ख्रिस्ती घरं सात-आठ, रविवारची प्रार्थना पत्र्याच्या शेडमध्ये. एका मेळाव्यात बाहेरून आलेल्या प्रचारकानं साबणाच्या पुड्यावरच्या बारकोडच्या काळ्या रेघा दाखवल्या. म्हणाला, बायबलात शेवटच्या काळाचं जे श्वापद सांगितलंय त्याचा हा आकडा, सहाशे सहासष्ट. श्वापद म्हणजे कॉम्प्युटर. उद्या तो आकडा प्रत्येकाच्या उजव्या हातात नाहीतर कपाळात, कातडीखाली बसवतील, आणि जो बसवून घेईल तो कायमचा आगीत. त्याच्या भाषणाची कॅसेट मी टेपरेकॉर्डरवर वाजवून वाजवून घासून टाकली. टेपरेकॉर्डर हेही यंत्रच, हे काही ध्यानात आलं नाही. दिवसभर यंत्रांत हात घालून बसणारा मी, पण डोकं चालेल तर शपथ.

मग मी हाणत सुटलो. घरातल्या प्रत्येक पुड्यावरच्या रेघा ब्लेडनं खरवडल्या. चहाचा पुडा मायनं हिसकावला तर तिला ढकललं. ती चुलीवर पडली आणि तिचं कोपर भाजलं. आमच्याच शेडमधल्या एकानं मोबाइल घेतला, त्याच्या कानाखाली अशी वाजवली की कानातून रक्त आलं. मोबाइल दगडानं ठेचला, घरी आलो आणि पोटभर जेवलो. खरं सांगतो, मारताना बरं वाटायचं. तेवढा वेळ आतली भीती गप्प बसायची. भीती एकच होती, की बहिणीच्या हातात कुणी तो आकडा बसवेल, मग प्रभू येईल, आम्हाला वर नेईल आणि ती खाली राहील. माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिला मी खांद्यावर बसवून वाढवलं होतं.

शेडमधली प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या पाळकबाबांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी मला एकदा समोर बसवलं.

"अरे, ते लिहिलं तवा राजे लोक विश्वासणाऱ्यायला मारून राहिले होते. उघड बोलायची सोय न्हवती, म्हून खुणेनं लिहिलं. कपाळ म्हंजे माणसाचा विचार, हात म्हंजे त्याचं काम. तू कोणाच्या मनासारखं वागतूस, तोच तुझा शिक्का. त्याच्यात मशीन कुठून आली?"

"तुमी म्हातारे झालात," म्हणालो आणि उठून आलो.

बहीण बारावी झाली होती आणि रोज जीपनं हिंगोलीला शिवणक्लासला जायची. एका शनिवारी दुपारी जेवायला घरी आलो. वायर कापायला कात्री हवी होती म्हणून तिची पेटी उघडली. शिवण शिकणाऱ्या पोरीच्या पेटीत कात्री नव्हती. कॉम्प्युटरच्या परीक्षेचं हॉल तिकीट होतं आणि एक काळी फ्लॉपी.

ती जीपमधून उतरून आली तेव्हा मी अंगणात धुण्याच्या दगडाशी उभा होतो. फ्लॉपी दगडावर, हातोडी हातात.

"दादा, सोमवारी परीक्षा हाय," ती म्हणाली. "पास झाले तर सेनगावला शाळेच्या हापिसात घेतो म्हणलेत. मायला दुसऱ्याच्या वावरात जावं लागणार न्हाई."

"तुला आगीत जायचंय का?"

"मला हापिसात जायचंय."

मी हातोडी उचलली. तिनं फ्लॉपीवर उजवा हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती. दादा मारणार नाही, अशी तिची खात्री होती. हिरवी बांगडी दिसली, लहानपणी विळा लागला होता तो व्रणही दिसला. सगळं दिसलं आणि मी मारलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसऱ्यांदा हातोडी उचलली तेव्हा मायनं मागून माझे केस धरले आणि भाजलेल्या हातानंच मला खाली ओढलं. बांगडीची काच बहिणीच्या हातात रुतली होती.

हिंगोलीच्या दवाखान्यातून तिला नांदेडला पाठवलं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. म्हणाले, मनगटात स्टीलची पट्टी, तिच्यात सहा स्क्रू.

बहीण गुंगीतच होती. म्हणाली, "सहाच काहून? दादाला तीन येळा सहा लागतेत."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी बाहेर व्हरांड्यात आलो. कुणीतरी तिच्या उजव्या हातात, कातडीखाली काहीतरी बसवेल, या भीतीनं मी वर्षं काढली होती. ते मीच बसवायला लावलं.

पाळकबाबा भेटायला आले. तिच्या उशाशी केळी ठेवली, प्रार्थना केली. मग मला विचारलं, "कोणत्या हातानं मारलं?"

"उजव्या."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि जीप पकडायला निघून गेले.

सोमवारची परीक्षा गेली. शाळेत दुसऱ्याला घेतलं. माय पुढं तीन वर्षं परक्या वावरात राबली. बहीण दीड वर्ष माझ्याशी बोलली नाही. पुढच्या परीक्षेत ती नापास झाली, कारण बोटं वळत नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेला डाव्या हातानं टाइप करून पास झाली. आता सेनगावला तिचं टायपिंगचं छोटं दुकान आहे. मी अजूनही प्रभूच्या येण्याची वाट बघतो, पण त्या दिवशी कोण खाली राहील हे आता छातीठोकपणे सांगत नाही. तिनं मला माफ केलं का, हेही कधी विचारलं नाही. हिंमत होत नाही.

थंडीत तिचं मनगट आखडतं. तिचा निरोप आला की मी माझं मोटरींचं दुकान बंद करून जीपनं सेनगावला जातो. ती डाव्या हातानं टाइप करते, मी शेजारी स्टुलावर बसून माउस धरतो, आणि ती सांगेल तिथं दाबतो.

"हळू, दादा," ती म्हणते. "किती जोरात दाबतूस."