वाकड्या मानेची गिटार

गिटार माझ्याकडे चार जळक्या पंख्यांबरोबर आली. त्या काळात लातुरात ज्याच्याकडे दोन खोल्या होत्या त्याने वर आणखी चार चढवल्या, त्यावर पत्रा टाकला आणि दारावर ‘क्लासच्या मुलांसाठी रूम मिळतील’ अशी पाटी लावली. एका खोलीत तीन पोरं, एक पंखा, अन् पंखा चोवीस तास चालू. मे महिन्यात पत्र्याखाली पंखा दुसरं काय करणार, जळणारच. मी मोटार वायंडिंगच्या दुकानात कामाला होतो. बोअरच्या मोटारी हा आमचा मूळ धंदा. पण बोअर आटत चालले अन् पोरं वाढत चालली, म्हणून आम्ही पंख्यांवर आलो.

“हे पण बघा,” घरमालक म्हणाला अन् त्याने गिटार पंख्यांवर ठेवली. “ह्याच्यातबी करंट असतो म्हणं.” गिटार ज्याची होती तो मुलगा डॉक्टर व्हायला आला होता. निकालाच्या आदल्या दिवशी गावाकडे गेला तो परत फिरकला नाही. पास झाला का नापास, घरमालकाला माहीत नव्हतं. मला वाटतं नापास. पास झालेला माणूस आपली वस्तू न्यायला येतो. लाल रंगाचे पोपडे निघालेले, खुंट्या गंजलेल्या, सहापैकी दोनच तारा उरलेल्या, अन् पत्र्याखाली तापून मान किंचित वाकलेली. मी ती ठेवून घेतली. कारण मला अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते बेंजो वाजवायचे. आमच्याकडे बेंजो म्हणजे मांडीवर घ्यायची तारांची पेटी. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. औसा म्हणू नका, निलंगा म्हणू नका, लग्न असलं की वरातीपुढच्या बाजाच्या गाड्यावर अण्णांचा बेंजो असायचाच. भूकंपाच्या आदल्या रात्री ते किल्लारीकडच्या एका गावात गणपतीच्या मिरवणुकीत वाजवत होते. मिरवणूक संपली, पार्टीतले पाचही जण एका घरात मुक्कामाला राहिले. पहाटे भिंत अंगावर आली. पाचांतले दोघे परत आले.

अण्णांच्या डाव्या हातावर दगड पडला होता. हात वाचला. पण त्या दिवशी डॉक्टरांपुढे इतके हातपाय होते की कुणाची बोटं कशी बसली हे कोण बघणार? अण्णांची बोटं अर्धी मिटलेली राहिली. मूठ उघडतही नाही अन् पुरती मिटतही नाही. तेव्हापासून त्यांनी बाजा म्हणून ऐकला नाही. गल्लीतून वरात निघाली की उठायचे, आतल्या खोलीत जायचे, कडी लावायचे. वरात गेली की बाहेर येऊन विचारायचे, “चहा झाला का?” आम्ही म्हणायचो, “झाला.” दहा वर्षं हे चाललं. लग्नसराईत दिवसातून चार-चारदा चहा पिऊन आमच्या घराला पित्त झालं.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. निलंग्याकडचं स्थळ, मुलगा शेती करणारा अन् स्वभावाने गरीब. त्यांची अट एकच होती, परण्या वाजतगाजत निघाला पाहिजे. परण्या म्हणजे नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावरून मांडवात येतो ती मिरवणूक. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून नवरदेवाला उतरवून घेणं हे मुलीच्या बापाचं काम. बहिणीने मला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

“दादा, बाजा वाजला की अण्णा आत जाऊन कडी लावणार. मग मला देणार कोण? तू?”

“देतो की.”

“तू नको,” ती म्हणाली. “मला अण्णा पाहिजेत.” एवढं बोलली अन् रडायला लागली. भूकंपाच्या वेळी ती आठ-नऊ वर्षांची होती. त्याआधी अण्णा वाजवायला बसल्याशिवाय ती जेवायची नाही. तिचं पोट बेंजोवर चालतं, असं माय म्हणायची.

तर माझा बेत असा होता. डावा हात गेला तर गेला, उजवा धडधाकट आहे. गिटार उलटी धरायची. उजव्या हाताने तारा दाबायच्या अन् डाव्या मुठीत प्लॅस्टिकची चकती खोचून तारा छेडायच्या. एकदा हात तारेला लागला की माणसाचं बाजाशी वैर मिटेल अन् लग्नात ते बाहेर उभे राहतील. दुकानाचे मालक चाचा, ज्यांनी मला शिव्या देत देत वायंडिंग शिकवलं, ते हे ऐकून म्हणाले, “बेटा, आजपर्यंत तुझा एक तरी बेत सरळ गेलाय का?” पण गिटार त्यांनीच आधी उघडली.

गिटारीच्या तारांखाली एक डबी असते. तिच्यात लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तारेची कॉइल. वरची तार हलली की कॉइलमध्ये करंट येतो. क्लासमध्ये पोरांना हे दीड महिना शिकवत होते. चाचांनी मला एका वाक्यात सांगितलं, अन् त्यातही एक शिवी होती. आमची कॉइल मेलेली होती. इतकी बारीक तार दुकानात कुठली? मी भंगारातून जुने टेलिफोन आणले, त्यांच्या घंटीच्या कॉइली उकलल्या अन् हातमशीनवर वेढे घेत बसलो. तार दोनदा तुटली. तिसऱ्यांदा चाचांनी पंखा बंद करायला लावला अन् मला श्वास घेऊ नको म्हणाले.

कॉइल झाली. आमच्याकडे कॉइल झाली की तिला वार्निश पाजायचं अन् पत्र्याच्या पेटीत दोनशेचा बल्ब लावून भाजायचं, हा नियम. मोटारीला करतात, पंख्याला करतात, मी गिटारीलाही केलं. सकाळी पेटी उघडली तर प्लॅस्टिकची डबी पापडासारखी वळलेली. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. चाचांनी ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली अन् म्हणाले, “खा आता.” मग मोटारीतला फायबरचा पत्रा कापून नवी डबी केली अन् सगळे वेढे पहिल्यापासून घेतले. ह्या वेळी वार्निश नाही.

तारा आणायला एस.टी.ने नांदेडला गेलो. वाद्यांच्या दुकानात माणसाने विचारलं, “कोणत्या जाडीच्या?” मी म्हटलं, “एक नंबर काय आहे ते द्या.” त्याने विचारलं, “तुम्ही वाजवता का?” मी म्हटलं, “नाही, वायंडिंग करतो.” त्याने एक पुडकं बांधून दिलं.

सहाही तारा चढवल्यावर मान आणखी वाकली. खुंट्यांजवळ एक टोपण होतं. ते काढलं तर आत नट, अन् नट ढिला. आमच्या धंद्यात ढिला नट दिसला की हात शिवशिवतो. आवळला. मान थोडी सरळ झाली. वाटलं, वा! आणखी आवळला. आणखी थोडा. मग आतून ‘कट्’ असा आवाज आला अन् मान पहिल्यापेक्षा दुप्पट वाकडी झाली. नटावर आतली लोखंडी सळई असते आणि सळईवर मान असते, हे मला सळई तुटल्यावर कळलं. आता तारा लाकडापासून इतक्या वर गेल्या होत्या की खालून मांजर गेलं असतं. चाचांनी कपाळाला हात लावला. लग्नाला तीन आठवडे उरले होते. नवी मान कुठून आणू? तशीच घरी नेली.

अण्णांनी बघितलं. “हे काय?”

“गिटार.”

“दिसून राहिलंय. मान का वाकडी?”

“माझ्यामुळं.”

त्यांनी ती मी सांगितली तशी उलटी धरली. उजव्या हाताने तार दाबायला गेले. ती कुठली दबते! जोर लावला तर बोट कापलं. जो हात चाळीस वर्षं नुसता छेडत आला त्याला सूर शोधता येईनात, अन् मुठीतली चकती दोनदा खाली पडली. बहीण दारात उभी होती. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, गिटार खाली ठेवली. “लेकरांचं खेळणं आणलंस व्हय माझ्यासाठी?” म्हणाले अन् आत गेले. कडी लागली. गल्लीत वरात नसताना कडी लागण्याची ही पहिलीच वेळ.

माझं डोकं फिरलं. मी बंद दारावर ओरडलो, “दहा वर्षं चहा इचारून राहिलात! पोरीच्या लग्नातबी आत बसून चहाच इचारणार का?” मायने माझ्या पाठीत धपाटा घातला. मी तेव्हा पस्तिशीला टेकलो होतो. अण्णांचं काय चुकलं होतं? काहीच नाही. मला वाईट वाटलं, पण दाराशी जाऊन तसं म्हणालो नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलो तर ओसरीवर आवाज. अण्णा भिंतीला टेकून बसलेले, गिटार मांडीवर आडवी, बेंजो धरतात तशी. मी लावलेल्या तारा ढिल्या करून त्यांनी मायकडून खुंट्या पिळून त्या आपल्या सुरात आणून घेतल्या होत्या, अन् माय “आता किती?” असं वैतागून विचारत होती. डाव्या मुठीत मोटारीचा एक जुना बुश होता, बोटभर लांबीची लोखंडी नळी. मी खिशातून काढून कोनाड्यात टाकली होती ती. उघडत नाही अन् मिटत नाही त्या मुठीत ती नळी घट्ट बसली होती. उजव्या हाताने तार छेडायची अन् नळी तारेवरून नुसती सरकवायची. दाबायची गरजच नाही. मान वाकडी म्हणून तारा वर, तारा वर म्हणून नळी लाकडाला लागत नव्हती.

बेंजो टणटण बोलतो. हे तसं नव्हतं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जात होतं, लहान मूल रडून दमल्यावर हुंदके देतं तसं. अण्णांनी वर न बघता सांगितलं, “तारा आजून वर घे. अन् त्या डब्याची घरघर बंद कर.”

“हाव,” मी म्हटलं अन् मोरीत जाऊन तोंड धुतलं. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे बायकोला माहीत आहे.

डबा म्हणजे चाचांकडचा जुना अँप्लिफायर. त्याची घरघर अर्थिंगची होती. अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, तांब्याची तार सोडली. पण अर्थिंगला ओल लागते अन् आमच्याकडे नळ पंधरा दिवसांनी. माय म्हणाली, “माणसाला प्यायला न्हाई अन् तू खड्ड्याला पाजून राहिलास का?” दोन तांबे तिनेच आणून ओतले. घरघर थांबली. अण्णा रोज दुपारी वाजवत बसायचे. लग्नात बाजा आल्यावर काय, हे विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळाकडून बाजाचा आवाज आला तेव्हा मी आधी आतल्या खोलीकडे धावलो. खोली रिकामी. अण्णा मांडवाच्या तोंडाशी उभे होते. नवा फेटा, डावा हात उपरण्यात, ओठ पांढरे पडलेले. बाजाचा गाडा जवळ आला. मी दंड धरला. “सोड,” म्हणाले. मी सोडला. बाजा कानाशी वाजत असताना त्यांनी नवरदेवाला उतरवून घेतलं. पुढे कन्यादानही त्यांनीच केलं. बहीण सबंध लग्नभर नवऱ्याकडे कमी अन् अण्णांकडेच जास्त बघत होती.

जेवणं उरकली, मुलीला वाटं लावायची, म्हणजे सासरी धाडायची वेळ झाली. जीप सजवून उभी. अण्णांनी मला खूण केली. मी अँप्लिफायर मांडला, वायर ओढली, गिटार त्यांच्या मांडीवर दिली, मुठीत नळी बसवून दिली. बटण दाबलं अन् लाइट गेली.

जनरेटर मांडववाल्याने केव्हाच पुढच्या लग्नाला नेला होता. मी खांबाकडे पळालो, लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, परत आलो. लाइट नाही. अण्णांनी थोडा वेळ वाट बघितली. मग तसंच वाजवायला सुरुवात केली.

करंट नसला की ह्या गिटारीचा आवाज दोन हातांपलीकडे जात नाही. मांडवभर माणसांना फक्त एक म्हातारा तारांवर नळी फिरवताना दिसत होता. कुणीतरी म्हणालं, “नुसता हातच हलवून राहिलेत की.” जीपवाल्याने हॉर्न दिला. बहीण शालू सावरत आली, जमिनीवर बसली, मुंडावळ्या बाजूला केल्या अन् अण्णांच्या गुडघ्याशी गिटारीच्या लाकडाला कान लावला. अण्णा थांबले नाहीत. नवरदेवाने हात वर करून हॉर्न बंद करायला लावला. मग सगळा मांडव गप्प झाला, पण तरीही कुणाला काही ऐकू आलं नाही. ती डोळे मिटून ऐकत होती अन् तिच्या गालावरचं पाणी गिटारीवर पडत होतं. बराच वेळ पडत होतं.

लाइट आली तेव्हा जीप औशाच्या पुढे गेली होती. अँप्लिफायर एकदम जागा झाला. अण्णा म्हणाले, “बंद कर ते.”

मी त्या दोघांपासून चार हातांवर टेस्टर घेऊन उभा होतो. अण्णांनी काय वाजवलं ते मला ऐकू आलं नाही. नंतर त्यांना विचारलं तर म्हणाले, “इसरलो.” आता ते नाहीत. बहिणीला मी अजूनही विचारतो. ती सांगत नाही. म्हणते, “ते माझं हाय.”